‘आज मालीश नको’ म्हटलं की पैसे कापतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत एका बालरोगतज्ज्ञांचा लेख आला होता. मालीश करणाऱ्या बायका बाळाला पायाला धरून उलटं करतात, नाकाकानात तेल सोडतात, छाती पिळतात, तेव्हा त्यांना घरात घेऊच नका, असा त्याचा सूर होता. मी त्यातलीच एक बाई. डोंबिवली पूर्वेला २००३ पासून बाळ-बाळंतिणीची मालीश आणि आंघोळ करते. लेख मी दोनदा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तो जास्त लागला. हे पत्र मी सांगते आहे आणि माझी मुलगी टाइप करते आहे. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे डॉक्टरी शब्द चुकले तर तिला धरा.

आधी माझंच सांगते. सासूबाई सातारा जिल्ह्यात गावाकडे सुईण होत्या. यजमानांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हा मी त्यांच्याकडून हे काम शिकले. त्यांनी दाखवलं तसं करायचं, दुसरं पुस्तक नव्हतं. नव्या बाळाची छाती कधी कधी टणक लागते, दुधासारखा थेंबही येतो, मुलगा असला तरी. ‘पिळून काढायचं, नाहीतर राहून जातं,’ असं सासूबाई म्हणायच्या. २००४ मध्ये एका मुलीची छाती मी चार दिवस पिळली. पाचव्या दिवशी एक बाजू लाल झाली, हात लावला की लेकरू कळवळायचं. पुढे तिथं गळू झालं आणि ते चिरावं लागलं. दोन आठवड्यांचंही नव्हतं हो ते बाळ. मी तोंड लपवून दवाखान्याच्या बाकावर बसले होते. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आईच्या हार्मोनमुळे ते सुजतं, काही आठवड्यांत आपोआप बसतं. त्याला हात लावायचा नाही.’ हे सांगायला त्यांना दहा सेकंदही लागले नसतील. त्या घरानं मला पुन्हा बोलावलं नाही आणि ते बरोबरच होतं. ती मुलगी आता कॉलेजात असेल.

त्या दिवसापासून मी छाती पिळत नाही, नाक ओढत नाही, नाकाकानात तेल सोडत नाही. नाकात सोडलेलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यानं न्यूमोनिया होतो, हे मला फार उशिरा कळलं. नाळेचं देठ गळून बेंबी सुकेपर्यंत तिथं तेलाचा थेंब लावत नाही. टाळू भरायला अजूनही सांगतात. मी बोटाच्या टोकानं तेल लावते, दाबत नाही. टाळू दीड वर्षाच्या आसपास हाडं जुळून भरते, माझ्या तेलानं नाही. पण हे सासूबाईंच्या वयाच्या बाईला समजावत बसण्यापेक्षा हलका हात फिरवलेला बरा, असं माझं मत आहे. त्यात बाळाचं काही बिघडत नाही. धुरीच्या बाबतीत मात्र मी ऐकत नाही. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी, वर ओवा नि बाळंतशेपा, आणि आत दहा दिवसांचं बाळ, असं दिसलं की मी आधी खिडकी उघडते, मग चप्पल काढते.

आता लेखाकडे येते. ‘मालीश नकोच’ असं काही डॉक्टर सांगतात. घरी आल्यावर दहाव्या दिवशी बाळंतिणीच्या सासूबाई मला फोन करतात. डॉक्टरांचं ‘नको’ आणि घरच्यांचं ‘हवंच’ या दोन शब्दांच्या मधे माझे दोन हात असतात, आणि त्या हातांशी कुणीच बोलत नाही. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर घरी सहा वेळा येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांना ट्रेनिंग आहे, बाळाचं वजन करायचा काटा आहे, कोणत्या खुणा दिसल्या की दवाखान्यात पाठवायचं ते शिकवलेलं आहे. तेही सगळ्या वस्त्यांत नाही. आमच्याकडच्या टॉवरमध्ये कोणी आशा जात असेल असं मला वाटत नाही. तिथं सव्वा महिना रोज जाणारी एकटी मीच असते. बाळाचं सगळं अंग उघडं करून दिवसाउजेडी बघणारं त्या घरात माझ्याशिवाय कोण असतं? कावीळ चढली की आधी मला दिसते, आंघोळ घालताना. दीड महिन्याचं इंजेक्शन झालं की मांडीवर कुठं हात लावायचा नाही, बीसीजीच्या जागी दंडावर पिकल्यासारखी पुळी आली तर ती चोळायची नाही नि तिला काही लावायचंही नाही, हे मला एका महापालिकेच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरनी सांगितलं, तेही वॉर्डाच्या दारात उभ्याउभ्या. मी विचारलं म्हणून. माझ्यासारख्या किती जणी विचारत असतील?

पोटरीची गोष्ट सांगते. पत्र लांबलं तर दुसरं काहीही कापा, हे कापू नका.

२०१९ चा पावसाळा. सिझर होऊन बारा दिवस झालेली बाळंतीण, वय अठ्ठावीस. मी तिच्याकडे तिसऱ्याच दिवशी जात होते. पोटाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, पाठ, हात आणि पाय एवढंच करायचं. ती चटईवर पालथी झाली. मी तेल तळहातावर घेतलं, उजवी पोटरी केली. डाव्या पोटरीला हात ठेवला आणि थांबले. उजवी मऊ आणि थंड, डावी तट्ट, आणि गरम. ताप आल्यावर अंग गरम लागतं तसं नाही, तेवढाच भाग. दोन्ही पाय जवळ घेऊन बघितलं तर डावा जाड. पैंजण उजव्या पायात फिरत होतं, डाव्यात रुतलं होतं. विचारलं तर म्हणाली, ‘कालपासून गोळा आल्यासारखं दुखतंय, म्हणून तर तुम्हाला म्हणणार होते, तिथं जरा जोर लावा.’

मी हात पुसले आणि म्हणाले, आज मालीश नको, आत्ताच दवाखान्यात जा.

मला तेव्हा त्या दुखण्याचं नावही माहीत नव्हतं. २०१६ मधली दिल्लीची एक गोष्ट मात्र पेपरात वाचून डोक्यात राहिली होती. तरुण मुलगा, खेळताना घोट्याला लागलं, प्लास्टर घातलं. नंतर पाय दुखतो म्हणून आईनं तेल लावून चोळून दिला. शिरेत धरलेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली आणि मुलगा गेला. ती आई माझ्या मनातून जात नाही. तेल लावताना आपण मुलाचं दुखणं कमी करतोय असंच तिला वाटत असणार.

तर त्या घरी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. ‘सूज तर सगळ्यांनाच येते बाळंतपणात. तुम्हाला करायचं नसेल तर तसं सांगा.’ मी सांगितलं, दोन्ही पाय सुजतात, एकच पाय असा गरम होत नाही. तिचा नवरा ऑफिसात. फोनवर तो म्हणाला, संध्याकाळी बघू. शेवटी त्या मुलीनंच रिक्षा बोलावली, मी बाळ घेऊन मागे बसले. सोनोग्राफीसारखी तपासणी असते पायाची, डॉपलर म्हणतात, ती झाली. गाठ होती. तिला ठेवून घेतलं, पोटात टोचायची इंजेक्शनं सुरू केली, पुढे कितीतरी महिने गोळ्या. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं म्हणे, पाय चोळला होता का? बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत अशी गाठ होण्याचा धोका जास्त असतो, सिझरनंतर आणखी, आणि चोळल्यानं ती सुटू शकते, हे माझ्या मुलीनं नंतर तिच्या पुस्तकातून मला वाचून दाखवलं.

महिनाअखेरीस हिशेब झाला. सव्वा महिन्याचं बोलणं झालं होतं, आई-बाळ मिळून दिवसाचे सहाशे. मला दोन दिवसांचे मिळाले. तिसऱ्या दिवशी ‘मालीश झालीच नाही’ म्हणून त्याचे नाहीत, आणि पुढचं काम दुसऱ्या बाईला. ती मुलगी अजून दिवाळीला फोन करते. पैशांचं तिला माहीत नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.

संपादक साहेब, माझी तक्रार एवढीच आहे. आमच्या कामात नको म्हणणं हेच खरं काम आहे, आणि नेमकं त्याचेच पैसे नाहीत. ज्या बाईच्या घरी त्या दिवशी सिलिंडर संपला असेल ती काय करेल? पाय हाताला गरम लागला तरी चार वेळा चोळेल आणि घरी जाईल. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे.

एका बाळंतिणीच्या सासूबाई आयुर्वेदाच्या वैद्य होत्या. निवृत्त झालेल्या, पण सकाळी पाठांतर चालायचं. हल्ली मसाजच्या दुकानांतून भिंतीवर वाग्भटांचं वाक्य लावलेलं असतं ना, ‘अभ्यङ्गमाचरेन्नित्यम्’, रोज तेल लावावं म्हणून? त्या म्हणाल्या, ‘अगं, त्याच्या लगेच पुढेच कुणाला लावू नये ते लिहिलंय. कफाचा त्रास असलेल्याला नाही, नुकतं वमन-विरेचन, म्हणजे औषधानं उलटी-जुलाब करवून पोट साफ झालेल्याला नाही, अजीर्ण झालेल्याला नाही. ती ओळ भिंतीवर कुणी लावत नाही.’ मला एवढं बरं वाटलं होतं! म्हणजे नको म्हणणारी मी पहिली नाही. त्या घरी एकदा बाळाला सर्दी होती तर बाईंनी मला चहा पाजला, बाळ नुसतं पुसून घेतलं आणि दिवसाचे पैसे पूर्ण हातावर ठेवले. इतक्या वर्षांत असं दुसरं घर मला आठवत नाही.

आता थोडं मालीश करून घेणाऱ्या बाईविषयी. तिला कुणी विचारतच नाही. पहिल्या दिवशी सूचना येतात त्या सासूबाईंकडून नाहीतर आईकडून. ‘जोरात करा हं, पोट आत गेलं पाहिजे.’ जोरानं पोट आत जात नाही. सिझरचे टाके आतून भरायला बाहेरच्यापेक्षा जास्त दिवस लागतात, आणि माझ्या वहीत आता निम्म्याहून जास्त नावांपुढे ‘सिझर’ लिहिलेलं असतं. म्हणून मी दार लोटून घेते आणि तिलाच विचारते. कुठं दुखतं, कुठं हात नको, अंगावर चादर किती हवी, जोर बरा आहे का. पहिले दोन दिवस मुली ‘चालेल, चालेल’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी एखादी हळूच सांगते, ‘मावशी, छातीला हात नको.’ मग नाही. सवय अशी आहे की बाळंतीण म्हटली की ती घरादाराची. तिनं लाजायचं नाही, ओरडायचं नाही. एका घरी नणंद मोबाइल घेऊन व्हिडिओ काढत होती, बाळाची आंघोळ म्हणून, आणि मागे आई उघडी पडलेली. मी वाटी खाली ठेवली आणि फोन बंद होईपर्यंत हात लावला नाही.

एकीनं सांगितलं होतं, ‘डोकं ठणकतंय दोन दिवस, डोळ्यापुढे काजवे चमकतात, डोकं चोळून द्या.’ पूर्वी चोळून दिलं असतं. आता ब्लडप्रेशर मोजायला पाठवते, कारण बाळंतपणानंतरही ते अचानक चढतं. तिचं चढलेलं निघालं.

आणि अंगाला हात लागला की बायका बोलतात. पाठ वळवून झोपलेल्या असतात, तोंड दिसत नाही, म्हणून बोलता येत असावं. नवऱ्याचं बोलतात, सासरचं बोलतात, सोन्याचं बोलतात. ते मी तिथंच ठेवते. एका घरचं दुसऱ्या घरी नेलं की या धंद्यात आठवड्यात कळतं, आणि कळायलाच हवं. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मावशी, मला हे बाळ बघावंसं वाटत नाही. रात्री वाटतं, आपणच नसावं.’ ते मात्र मी तिथं ठेवलं नाही. तिला सांगून, तिच्यासमोर, तिच्या बहिणीला फोन लावला. आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर सरकारचा टेलिमानसचा नंबर लिहिलेला आहे, १४४१६. २०२२ मध्ये सुरू झाला, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आपण हे पत्र छापलंत तर हा आकडा जरा ठळक छापा.

हातांबद्दल विचाराल तर नखं रोज कापलेली, अंगठी नाही, आणि बांगड्या काढून डबीत. या बांगड्यांवरून मात्र पहिल्या दिवशी प्रत्येक घरी तोंडं वाकडी होतात. सवाष्ण बाई, बाळंतिणीच्या खोलीत मोकळ्या हातांनी! मी म्हणते, काच फुटून बाळाच्या अंगात गेली तर तुमचं सवाष्णपण काय करणार? प्रत्येक घराचं तेल वेगळं, त्यांचीच बाटली, नाव लिहून. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं, गॅसवर नाही, आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब. खवट वास आला तर टाकायचं, मग ते कितीही महागाचं बला तेल असो. मला खोकला असेल तर मी जात नाही. म्हणजे पुन्हा पैसे नाहीत, ते आलंच.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण मुलगी म्हणते लिही. २०१४ च्या सुमारास मी कार्डं छापली होती. ‘घरी येऊन मसाज’ असं त्यावर लिहिलं, कारण शिकलेल्या मुली मसाजच म्हणतात. आठवडाभर रात्री अकरानंतर पुरुषांचे फोन. काय काय विचारायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. एका ‘बाळाच्या बाबां’नी तर पत्ता देऊन बोलावलं, दार उघडलं तेव्हा घरात बाळाचा लंगोटसुद्धा वाळत नव्हता. मी जिन्यावरूनच परतले. ती कार्डं जाळली. नवीन कार्डांवर ‘बाळ-बाळंतिणीची आंघोळ’ आहे, आणि फोनवर आधी बाईशी बोलल्याशिवाय मी कुठं जात नाही. २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घरी जाऊन काम करणाऱ्या बायकाही येतात, जिल्ह्याला त्यासाठी समिती असते, हे मला गेल्या वर्षी कळलं. म्हणजे त्या माणसाची तक्रार करता आली असती. मी फक्त कार्डं जाळली.

आता मागणं. लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की आम्हाला घरात घेऊ नका असं तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही थांबणार नाही. आम्हाला फोन करणारी सासू तुमची पुरवणी वाचत नाही. त्यापेक्षा डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी मराठीत लिहा. या बाईला तेल कधीपासून लावायचं, कुठं लावायचं नाही, आणि काय दिसलं तर परत आणायचं. औषधाच्या गोळ्या लिहिता, टाक्यांची तारीख लिहिता, त्याच्याखाली जागा असते. ज्या प्रसूतिगृहांत वेळ काढता येईल त्यांनी महिन्यातून एक दुपार आम्हाला बोलवावं. आम्ही दुपारी दोननंतर मोकळ्या असतो. चहा आम्ही आणू.

आणि घरच्यांना विनंती, बोलणं करताना दिवसावर करू नका, सव्वा महिन्यावर करा. मधे बाईनं एखाद दिवशी हात लावला नाही तर तो दिवस धरा. ती त्या दिवशी आली होती, तिनं बघितलं होतं.

उद्या सकाळी सातला एक नवीन घर आहे. सिझर, अकरावा दिवस. फोनवर मी डिस्चार्ज कार्ड काढून ठेवायला सांगितलं तर पलीकडून ऐकू आलं, ‘ते तुम्हाला कशाला?’ जाते आहे, आणि कार्ड परत मागणार आहे.

आपली,
मालीश करणारी एक बाई, डोंबिवली (पूर्व)

(नाव छापू नये ही विनंती. ज्या घरांबद्दल लिहिलं आहे त्यातली काही आपलाच पेपर घेतात.)